माऊस टेबलावरच होता

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढं कळत होतं. असल्या गोष्टी रिकामटेकड्या बायका सांगतात, असं मी तोंडावर म्हणायची. आता माझीच सांगते...

आम्ही कोलकात्यात, बालीगंजला राहतो. माझे यजमान खिदिरपूरला कस्टममध्ये होते. रिटायर झाल्यावरही इथेच राहिलो, कारण आमच्या केतकीची नोकरी इथली. पुढे यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा.

केतकीने एक माऊस आणला. अंगठ्यापाशी बारा बटणं.

"आई, हा गेम खेळणाऱ्यांचा असतो."

"मग बाबा काय आता गोळ्या झाडणार?"

"तू बघ तर!"

माऊसबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तिला हवं ते जमेना, म्हणून तिने नेटवरून दुसऱ्याच कुणाचं तरी उतरवून घेतलं. एकेका बटणाला एकेक वाक्य दिलं. बटण दाबलं की लॅपटॉप बोलायचा – पाणी हवंय, उशी सरकव, दुखतंय, इकडे ये, टीव्ही बंद कर. बाकीची बटणं रिकामी ठेवली. आवाज बाईचा, सपाट. माझी मालिका लागली की हे नेमकं 'टीव्ही बंद कर' दाबायचे. किती दिवसांनी आमचं भांडण झालं! बरं वाटलं.

यांची तब्येत आता स्थिर आहे, असं डॉक्टर म्हणत होते. काळजी माझीच होती. माझं हृदय जेमतेम निम्मं काम करत होतं. ऑपरेशन ठरलं होतं, पण त्यातून उठेन याची खात्री कुणी देत नव्हतं.

त्या दुपारी यांची आया, मिनोतीदी, यांना भरवत होती. भात सांडतो म्हणून माऊस काढून टेबलावर ठेवलेला. मी दारात उभी. लॅपटॉप बोलला –

"गोदा."

गोदा म्हणजे मी. माहेरची. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, आणि गोदा तिथेच संपली. त्या नावाने हाक मारणारं कुणी आता जिवंत नाही. केतकीलासुद्धा ते नाव माहीत नव्हतं.

"के डाकलो?" मिनोतीदी इकडेतिकडे बघायला लागली. कोण हाक मारतंय?

"गोदा, चल."

हाक आली की आधी ओ द्यायची, हे आम्हाला लहानपणापासूनचं वळण. माझं तोंड उघडलंच होतं. मिनोतीदीने धावत येऊन खरकट्या हाताने ते दाबलं.

"माशिमा, शाड़ा देबेन ना!"

ओ देऊ नका. न दिसणाऱ्याने नाव घेऊन हाक मारली आणि माणसाने ओ दिली, की ते त्याला घेऊन जातं, असं इथले लोक मानतात. एरवी मी हसले असते. तेव्हा गप्प राहिले. टेबलावरच्या माऊसला कुणाचा हात लागलेला नव्हता... मी बघत होते.

"गोदा..."

"ओ."

स्पष्ट. खणखणीत. यांचा आवाज. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नजर लॅपटॉपवर.

नंतर पुन्हा शब्द नाही. त्याच आठवड्यात हे झोपेत गेले.

केतकीने ते सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. "आई, यात असलं काही नाहीच. रिकामी बटणं रिकामीच आहेत." मग म्हणाली, "आणि गोदा कोण?"

माझं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. आता जिना चढते, बाजारात जाते. डॉक्टर म्हणतात, वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून असा एखादा शब्द फुटू शकतो. फुटत असेल. पण लॅपटॉप कसा बोलला, हे त्यांना सांगता येत नाही, आणि केतकीलाही नाही.

हाक मला होती. ओ यांनी का दिली, तेही मला कळलेलं नाही. मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.