गुंडाचं आंब्यावरचं घर

गुंडा माझा चुलतभाऊ. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण गावात कुणालाही विचारा, दोघांत नाव त्याचंच आधी निघतं. त्याच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून ऐकायचं तर खुशाल ऐका. मी मात्र माझ्या पद्धतीनं सांगणार, कारण त्याच्यामुळं माझ्या पोटात जेवढं दुखतं तेवढं दुसऱ्या कुणाच्या दुखत नाही.

शिराळ्याच्या पुढं, वारणेच्या खोऱ्यात आमचं गाव. माझं रान आणि गुंडाचं रान यांच्यामधल्या बांधावर आजोबांनी लावलेला आंबा आहे. वाटणी झाली तेव्हा विहिरीचं पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं, आणि आंबाही पाळीनंच. एक साल माझ्या बापाचं, एक साल चुलत्याचं. ज्याचं साल, त्यानं मोहोरापासून आंबे उतरवेपर्यंत राखण करायची, आणि राखणदाराला झाडावरून कुणी उठवायचं नाही, असं पाच माणसांत बोलणं झालं. आता गंमत बघा. आंबा एका सालाआड धरतो हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वाटणीच्या भरात एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. चुलत्याच्या सालाला फांद्या वाकायच्या आणि आमच्या सालाला नुसता पाला. बापानं पाळी बदलून मागितली तर चुलता म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. माझा बाप उभा जन्म पाला राखून मेला. आता मी राखतो.

गुंडा सैन्यात, पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. निवृत्त होऊन आला तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता हाही ऊस लावील, तोडणीच्या टोळीची वाट बघत माझ्यासारखा बांधावर बसेल, आणि आम्ही दोघं एका पातळीवर येऊ. तर हा गेल्या दिवाळीनंतर माझ्या दारात.

“आण्णा, आंब्यावर घर बांधायचं म्हनतोय. झाड दोघांचं हाय, तवा इचाराय आलो.”

“झाडावर घर? ऱ्हानार कोन, वानरं?”

“पाव्हणं येत्याल, पुण्या-मुंबईचं. चांदोलीचं जंगल बघाय येत्यात न्हवं, त्यास्नी असलं लय आवडतं.”

“बांध की,” मी म्हणालो. मनात म्हटलं, पहिल्याच वळवात तुझं घर तुझ्याच रानात जाऊन पडेल. त्या एका आशेवर मी परवानगी दिली.

माधवनगरला एक जुनी गिरणी पाडत होते, तिथनं त्यानं सागवानी फळ्या आणल्या. झाडाला एक खिळा मारला नाही. सगळं काथ्याच्या दोरानं आवळलं. वर गवताचं छप्पर, एक खोली, पुढं बसायला सज्जा, आणि चढायला म्हातारी बाईसुद्धा कठडा धरून जाईल असा रुंद जिना. शिवाय अटी. प्लास्टिकची बाटली आणायची नाही, गाणी लावायची नाहीत, आंघोळीला एकच बादली. मला वाटलं, असल्या अटींवर कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. तर रांग लागली! माणसं रात्रभर वर झोपतात आणि सकाळी खाली येऊन डोळे मोठे करून सांगतात, पाखरांचा आवाज ऐकला. अरे, तीच पाखरं माझ्या ज्वारीवर पडतात तेव्हा ऐकायला कुणी येत नाही!

वळीवही आला. माझ्या गोठ्याचे पत्रे उडाले. आंब्यावरचं घर नुसतं कुरकुरलं आणि होतं तिथंच राहिलं.

त्यात माझी बायको अंजना त्या पाव्हण्यांना भाकरी थापून द्यायला लागली. एक दिवस हसत घरी आली. म्हणाली, “भावजी म्हनत हुतं, वैनीच्या भाकरीपायी पाव्हणं बोटं चाटत्यात.” वीस-बावीस वर्षं मी तीच भाकरी खातोय. मी कधी काही म्हणालो नाही हे खरं, पण म्हणून गुंडानं म्हणावं? मग कराडहून जावयाचा फोन. “मामा, मोबाईलवर बघितलं. ते झाडावरचं घर तुमच्याच रानातलं ना?” मी म्हटलं, “बांधावरचं हाय. भावाचं.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मे महिना आला. यंदाचं साल माझं. झाडावर आंबे शोधून सापडतील एवढे. आणि त्याच महिन्यात गुंडाचे पलटणीतले जुने कर्नलसाहेब बायकोला घेऊन राहायला येणार होते. गुंडा त्यांच्यासाठी वेड्यासारखा राबत होता. दोर बदलले, जिना घासला, छपराचं गवत नवं घातलं. पारावर बसून सगळ्यांना सांगायचा, “साहेबानं एकदा म्हटलं पायजे, गुंडा, काम झ्याक केलंस. बास. मला दुसरं काय बी नगं.” ते मी ऐकलं, आणि काय करायचं ते मला सुचलं.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच मी वाकळ, गोफण आणि पाण्याचा तांब्या घेऊन वर गेलो आणि सज्जात ऐसपैस पसरलो.

गुंडा खाली येऊन उभा राहिला. चेहरा खर्रकन उतरला त्याचा. मला फार बरं वाटलं.

“आण्णा, आज साहेब येनार हायत.”

“येऊ देत की. साल माझं हाय. राखण नगं व्हय?”

अंजना पदर खोचून धावत आली. “आवं, खाली या! धड चार कैऱ्या न्हाईत झाडाला. लोकं त्वांडात श्यान घालत्यात!”

“राखणदाराला उठवायचं न्हाई,” मी म्हणालो आणि कुशीवर वळलो.

गुंडा हात जोडेल, मी थोडं ताणून धरीन, मग उपकार केल्यासारखा उतरेन, असा माझा बेत होता. तो एवढंच म्हणाला, “व्हय. पाळी तुमची हाय,” आणि गाडीच्या वाटेवर जाऊन उभा राहिला.

गाडी आली. गुंडानं टाचा जुळवून सलाम ठोकला. निम्मं गाव बांधावर जमलेलं. साहेबांनी वर बघितलं, तर वाकळेवर मी, हातात गोफण.

“गुंडा, हे कोण?”

आता हा माझी तक्रार करणार. मीही बापापासूनचं सगळं बाहेर काढायच्या तयारीनं उठून बसलो.

“माझं थोरलं बंधू, साहेब. यंदा झाड त्येंचं हाय. वर जायचं तर त्यास्नी इचाराय लागंल.”

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. “कृष्णात आण्णा ना तुम्ही? वर येऊ का?”

माझं नाव यांना कसं ठाऊक? जुळवलेलं सगळं तसंच राहिलं. “या,” म्हणालो. एवढ्या माणसांदेखत दुसरं काय म्हणणार?

दोघं वर आली. साहेबांनी फळ्यांवरून, दोरांच्या गाठींवरून हात फिरवला आणि कठड्यावरून वाकून ओरडले, “गुंडा, उत्तम काम केलंस!” खाली गुंडानं पुन्हा सलाम ठोकला. त्याला हवं होतं ते मिळालं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या सालात.

मग साहेब माझ्या वाकळेवरच बसले. म्हणाले, “हे सगळं तुमच्यामुळं झालं, माहीत आहे का? पूल बांधताना हा एकच गोष्ट सांगायचा. लहानपणी तुम्ही या झाडाच्या शेंड्यापर्यंत जायचा आणि याला पहिली फांदीसुद्धा जमायची नाही. खाली उभा राहून रडायचा. फार जळायचा तुमच्यावर. म्हणायचा, एक दिवस त्या झाडाला जिना बांधीन.”

गुंडा माझ्यावर जळायचा! हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर माझे कितीतरी दिवस सुखात गेले असते. त्यानं आपल्या जळण्याचा जिना केला. मी माझ्या जळण्यापायी फक्त एक वाकळ वर आणली होती. पण ते मनात आलं आणि गेलं. त्याहून मोठं सुख उरात मावत नव्हतं.

बाईंनी विचारलं, “अजून जाता शेंड्यापर्यंत?”

“जातो की!”

पन्नाशीला आलोय, गुडघे धरलेले असतात. पण त्या वेळी कुणी अडवलं असतं तर त्याला गोफणीनं हाणला असता. विजार वर खोचली आणि निघालो. खालून अंजना शिव्या घालत होती. हाताची सालटी निघाली, दम लागला, पण गेलो. शेंड्याला एक आंबा होता तो तोडला. आंब्याचं मला काही नव्हतं. मला गुंडाचं तोंड बघायचं होतं. वर मान करून उभा असेल, तेव्हासारखा. रडू नसेल, पण थोडी तरी आग असेल डोळ्यांत. एकदाच बघायची होती.

फांदी घट्ट धरून मी खाली बघितलं. साहेब, बाई, अंजना, निम्मं गाव, सगळे वर बघत होते. गुंडा तेवढा नव्हता. तो दोन्ही हातांत बादल्या घेऊन पाठमोरा विहिरीकडं चालला होता, पाव्हण्यांच्या आंघोळीचं पाणी आणायला.

“गुंडा!” मी जीव खाऊन ओरडलो. “आरं, हिकडं बघ की!”

“संभाळून उतरा, आण्णा,” तो म्हणाला, आणि मागं न बघताच चालत राहिला.