नूडल्स पंगत बसल्यावरच टाकले

दोस्तहो, जिच्यावर माझा जीव आहे त्या निशाच्या बाबांनी आज मला टोमणा मारला आणि सगळं बदललं.

फुलचूर गावी तिच्या घरी भावाचा वाढदिवस होता. चायनीज सलाद बनवायचं काम माझ्याकडे होतं. पत्ताकोबी, गाजर, सोया सॉस कालवून ठेवलं, तळलेले नूडल्स वेगळ्या डब्यात.

निशाचे बाबा आत डोकावले, "काऊन रे, मिसळून टाक ना! पाहुणे येऊन राहिले."

"काका, आत्ता टाकले तर मऊ पडतील."

"कॉलेज अर्ध्यात सोडलं, आता हे बी अर्ध्यातच ठेवतं का?"

सगळे हसले. निशा नाही हसली.

डोकं तापलं, पण डबा सोडला नाही. पंगत बसल्यावरच नूडल्स टाकले. घरभर नूडल्सची कुरुमकुरुम ऐकू आली. काकांनी पुन्हा ताट पुढे केलं.

"पोरीच्या लग्नात तूच बनवजो."

"बनवीन काका. पण आचारी म्हणून नाही येणार."

जास्त बोललो का? तुम्हीच सांगा. काकांच्या उत्तरासाठी मी थांबलोच नाही. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.