टाच

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत, बेसमेंटमध्ये कराटे शिकवणारे सर स्वतःला ग्रँडमास्टर म्हणवून घेत. ही पदवी दिली कोणी, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. पट्ट्यावरून ओघळलेलं पोट, तोंडात वेलची आणि हातातली छडी कायम माझ्या मागच्या पायाच्या टाचेवर. "एड़ी, मराठा साहब, एड़ी! पानीपत में भी यही उठी होगी!" मी पुण्याचा, आयटीतला. आमच्या घराण्यातलं कोणी पानिपतला गेल्याचं ऐकिवात नाही, पण दोन वर्षं तो पराभव माझ्याच टाचेमुळे होत राहिला.

शेवटी मी करोल बागेतल्या एसी क्लासला नाव घातलं. सरांना म्हणालो, ऑफिसचं काम वाढलंय.

"बिल्कुल जाइए," ते म्हणाले. "बस, एड़ी मत उठाना।"

नव्या कोचने पहिल्याच दिवशी मला सगळ्यांपुढे उभं केलं. "एड़ी देखो इनकी! क्या पक्की है! किसने सिखाया?"

त्या चकचकीत आरशांसमोर बेसमेंटातल्या ग्रँडमास्टरांचं नाव कसं घेणार?

"यूट्यूब से," मी म्हणालो.

आणि दोन वर्षांच्या छडीने जमिनीला चिकटलेली टाच तेवढ्यात उचलली गेली.