शालिकरामची छत्री

महाल भागातल्या आमच्या गल्लीत शालिकरामसारखा घाबरट माणूस दुसरा नाही. दारात कॉर्पोरेशनचा माणूस दिसला तरी हा आधी मागच्या दाराकडे पाहतो. रंगीत कागद आणि पतंगांचं छोटं दुकान, घरात बायको सत्यवती आणि चार वर्षांची नात गार्गी. पण हात असा, की मारबतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीचा बडग्या लांबूनच ओळखू यावा. बांबूचा सांगाडा, आत तणस, वर घरोघरून मागून आणलेले जुने कपडे. वर्षभर ज्याचा राग आला त्याचा पुतळा करायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा, ही इथली जुनी रीत. महागाई, डेंग्यू, रस्त्यातले खड्डे, सगळे त्याच्या हातून जळाले. ओळखीचं माणूस मात्र आम्ही कधी जाळलं नव्हतं.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी अरुंधतीबाईंचा व्हिडिओ आला. बाई पलीकडच्या गल्लीत गणिताच्या शिकवण्या घेतात. नऊ सेकंदांचा व्हिडिओ, त्यात बाई एका कुत्र्याला छत्रीने बडवताना दिसतात. त्याआधीचं त्यात काहीच नाही. आधी त्याच कुत्र्याने गार्गीचा फ्रॉक दातात धरून तिला पाडलं होतं. भर दुपारची वेळ, गल्ली रिकामी. शालिकराम नुसता थिजून उभा. वाटेने जाणाऱ्या बाईंनी त्याच्याच हातातली छत्री हिसकावली आणि कुत्र्यावर धावल्या. हा नातीला उचलून घरात शिरला, आणि तेवढ्यात समोरून कुणीतरी मोबाइल सुरू केला.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर निषेधांची रांग लागली. ग्रुप चालवणाऱ्या पिंटूने लिहिलं, 'जे चूप आहेत, त्यायचीबी नावं टाकू.'

शालिकराम माझ्याकडे आला. "मुकुंदभाऊ, काय करू जी? बाईनं पोरगी वाचवली माही."

"मग तसं लिही ना."

"अन् मलेच धरलं तं? म्हणतीन, छत्री तुहीच होती. कोण येईन मंग माह्या दुकानात?" मग हळूच म्हणाला, "तुमी काहून टाकला निषेध?"

मी चष्मा शोधू लागलो.

रात्री त्याचा मेसेज आला. 'निषेध. अशा बाईले लेकरं शिकवू देऊ नका.' पहिला शब्द पुरला असता. दुसरं वाक्य त्याच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. भेदरलेला माणूस मागितल्यापेक्षा जास्तच देऊन टाकतो.

तीन दिवसांत बाईंची शिकवणी ओस पडली. त्यांनी शालिकरामला निरोप पाठवला, 'गार्गी बरी आहे ना? झालं ते तेवढं ग्रुपवर सांगा.' त्याने उत्तर दिलं नाही. त्या स्वतः आल्या, तेव्हा सत्यवतीने दारातूनच सांगितलं, "ते नरखेडले गेले." शालिकराम आतल्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बसला होता.

मग पिंटूने फर्मान काढलं. यंदाचा बडग्या या बाईचाच, आणि हातात छत्री पाहिजे.

शालिकरामने तोही केला. सामान कमी पडलं की घरातलं लावायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय. कोपऱ्यात छत्री होती. बाईंनी त्याच दिवशी धुऊन परत आणून दिलेली, लाकडी मुठीची, मुठीवर लाल दोरा गुंडाळलेली. त्याने ती पुतळ्याच्या हातात बांधली.

मिरवणुकीत पिंटूने फोनवर लाइव्ह सुरू केलं आणि दोन मिनिटांत थबकला. स्क्रीनवर कुणीतरी लिहिलं होतं, 'हे तं व्हिडिओतलीच छत्री होय. लाल दोरा पाहा.'

"काका, हे छत्री तुमच्यापाशी कुठून आली?"

ढोल थांबले. शालिकरामने पुतळ्याच्या हाताकडे पाहिलं. आता सांगेल, मला वाटलं. सांगितलं असतं तर बाई सुटल्या असत्या.

"रस्त्यात सापडली," तो म्हणाला.

पिंटूला पटलं नाही. तो फोन घेऊन माझ्याकडे वळला. "मुकुंदकाका, तुमची गॅलरी तं बरोबर वर आहे. तुमी पाह्यलं असन. कोण होतं बाईसंगं?"

मी त्या दुपारी गॅलरीतच होतो. कुत्रा झेपावल्यापासून सगळं पाहिलं होतं. समोर पिंटूचा फोन, त्याच्यामागे आणखी दहा-बारा फोन, सगळे माझ्या तोंडावर रोखलेले. शालिकराम माझ्याकडे बघत होता.

"नाही बा," मी म्हणालो. "मी झोपलो होतो. बाई एकटीच असेल. तिचा स्वभावच तसा."

बडग्या पेटला. छत्रीचं कापड आधी गेलं, मूठ बराच वेळ जळत राहिली. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो.

संध्याकाळी शालिकराम घरी आला. माझा हात दोन्ही हातांत धरून रडला. "मुकुंदभाऊ, तुमीच वाचवलं मले."

तो गेल्यावर मी गॅलरीचं दार लावलं. तेव्हापासून ते उघडलेलं नाही.