निळा अभ्रा

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तेव्हाही सगळं बोलले नाही. सगळं इथंच, पहिल्यांदा. आणि सांगतेय म्हणून लगेच हळहळू नका. रडून मोकळं होणाऱ्यांतली मी नाही.

इतवारीत आमच्या गल्लीत मला ‘लेपवाली’ म्हणतात. आंबेहळद, मसुराचं पीठ, वरून लिंबू — माझा चेहरा म्हणे त्यानंच साफ झाला. लग्नाच्या मुली कृती विचारायला यायच्या. मीही सांगायची, अगदी चवीनं.

खोटं होतं ते. विसाव्या वर्षी माझे गाल पिकलेल्या पुटकुळ्यांनी भरले होते, नुसता हात लागला तरी ठणकायचे. बरे झाले ते सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर फुकट मिळालेल्या एका साध्या ट्यूबने. रात्री पातळ थर लावायचा, दोन वेळा साध्या साबणाने तोंड धुवायचं, फोडायचं नाही, दुसरं काही चोळायचं नाही आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. एवढंच!

मग लेप कुठून आला? दवाखान्याच्या दारावरच्या पाटीमुळे. ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’. लग्नाच्या वयाची पोरगी त्या पाटीखाली रांगेत उभी — गल्लीला आणखी काय हवं? मी ओढणीनं तोंड बांधून जायची. नागपूरच्या उन्हात त्याचं कुणाला नवल नाही. आणि चेहरा कशानं साफ झाला विचारलं, की लेप सांगायची. ती पाटी लिहिणाऱ्याला मी आजही शिव्या घालते. पण पुढचं पाटीनं नाही केलं. मी केलं.

वंदना माझी शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण आणि गल्लीतली सगळ्यांत देखणी. वर्षभरानं तिचाही चेहरा असाच उठला. माझ्या पलंगावर येऊन बसली. “मलेही लावून दे न वं तो लेप.” मी लावला. माझ्या या हातांनी, पिकलेल्या पुटकुळ्यांवर लिंबू. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तर वर म्हटलं, “झोंबते म्हणजे काम करून राहिलं.” अख्खा उन्हाळा लावत होते.

माझ्या उशीच्या निळ्या अभ्र्यावर तेव्हा पांढरट डाग पडले होते. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, धुताना ब्लीच सांडलं.

बघा, अजून घुटमळतेच आहे. सांगते — ट्यूब तेव्हाही माझ्याकडे होती. कपाटात, ओढण्यांच्या घड्यांखाली. का नाही दिली? लाज? लाज होतीच. पण नुसती लाज असती तर नाव खरवडून, कुठून आणली ते न सांगता देता आली असती की! दिली नाही, कारण आम्ही दोघी गल्लीतून निघालो की लोक पहिल्यांदाच माझ्याकडे बघायला लागले होते. मला ते आवडत होतं. फार आवडत होतं.

तिच्या गालांवर खड्डे राहिले. ते अजून आहेत.

गेल्या महिन्यात ती पोरीला घेऊन आली. साक्षी, पंधरा वर्षांची. तेच लाल, सुजलेले गाल. “हिलेही लावून दे न वं.” या वेळी मी लिंबू कापलं नाही. दोघींना ऑटोत बसवलं आणि त्याच दवाखान्यात नेलं, तोंड न बांधता. पाटी तीच होती, रांगही तेवढीच.

डॉक्टरबाईंनी साक्षीला तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि सहज म्हणाल्या, “उशीला पांढरा अभ्रा घाल हं. या ट्यूबनं कापडाचा रंग उडतो.”

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. औषधाच्या खिडकीशी साक्षी रांगेत लागली, तेव्हा वंदना माझ्याजवळ आली.

“तुया उशीचा तो निळा अभ्रा...” म्हणाली. “तवा ट्यूब संपली असन ना वं?”

‘संपली होती’ — एवढंच म्हणायचं होतं. तिनंच ते माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी हो म्हणावं म्हणून ती वाट बघत उभी होती.

“नाही,” मी म्हटलं. “अर्धी होती.”