समोर उभा त्याचं आधी

कपडा हातात आला की तो आधी खिसे तपासायचा. चिल्लर, बसची तिकिटं, एकदा कोणाचा तरी दुधाचा दात. सापडेल ते कागदात बांधून त्याच कपड्याला टाचायचा.

शर्टाची कॉलर आधी. मग खांदे, मग बाह्या, मग बाकीचं. हा क्रम त्याने कधी मोडला नाही.

इस्त्री तापली की नाही, हे तो पाण्याच्या थेंबाच्या आवाजावरून ओळखायचा.

स्वतःचा शर्ट मात्र चुरगळलेला. कोणी हसलं तर म्हणायचा, "न्हावी कधी स्वतःची हजामत करतो का?"

दुकानात चारजण असले तर जो काउंटरसमोर उभा त्याचं काम आधी. फोनवरून घाई करणाऱ्याला सांगायचा, "या, उभे राहा, मग बघू."

हातातला कपडा अर्धवट टाकून तो उठायचा नाही. समोरच्या इमारतीत एकदा आग लागली, सगळी गल्ली धावली. हा बाहेर आला तो हातातली पँट पुरी करून, घडी घालून. तोवर आग विझली होती.

आणि गेल्या वर्षभरात जडलेली एक सवय. फोन वाजला की तो खळीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि झाकण लावायचा.

गल्ली त्याला कडकभाऊ म्हणायची. त्याने इस्त्री केलेली कॉलर संध्याकाळपर्यंत मान टाकत नसे, म्हणून. माणूस मात्र मऊ होता. बायको म्हणायची, "नाव कडक आणि हातात घेतलं की लोणी."

सुरुवात मशीनपासून झाली. एका हॉटेलने चादरींचं काम देऊ केलं. हाताने तेवढ्या चादरी होणं शक्य नव्हतं. कडकभाऊने हप्त्यावर मोठं स्टीम प्रेस घेतलं. दुकानाचा अर्धा भाग त्याने व्यापला. सहा-सात महिने बरे गेले. मग एका सकाळी हॉटेलच्या दाराला कुलूप दिसलं. कुलपाच्या आत त्याचं बिल राहिलं. मशीन त्याच्याकडे राहिलं आणि मशीनचे हप्तेही.

हप्त्यासाठी त्याने कार्ड वापरलं. त्या कार्डासाठी दुसरं कार्ड घेतलं. दुसऱ्यासाठी मोबाइलवरच्या एका ॲपमधून कर्ज काढलं. साबणवाल्या शेठचं बिल थांबवलं, कारण शेठ ओरडत नसे. एकाची टोपी दुसऱ्याला घालता घालता सगळीच डोकी उघडी पडली.

पत्रं यायची. तो पाकिटं फोडायचा नाही. मशीनच्या पाटाखाली सरकवून द्यायचा. सगळी छान सपाट झाली होती.

एकदा बायको खळ करायला म्हणून डबा उघडायला गेली. आत फोन वाजत होता. तिने उचलला. बराच वेळ ऐकलं. मग तो पुन्हा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"अहो," ती म्हणाली, "डब्यात एक बाई आहे. ती तुम्हाला चोर म्हणतेय."

तो चादरीची टोकं जुळवत राहिला.

"किती जणांचं आहे?"

"पाच."

"आणि किती?"

त्याने आकडा सांगितला नाही. त्याला तो माहीतच नव्हता. बायकोने मशीनखाली हात घातला आणि पाकिटांचा गठ्ठा बाहेर काढला.

"सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही," ती म्हणाली. "चला. हातातली चादर संपवा आणि चला."

कर्जात बुडालेल्यांसाठीचं सल्ला केंद्र एका बँकेच्या मागच्या गल्लीत होतं. एक खोली, काचेची एक खिडकी. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. सल्लागार बाईंचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर. त्यांनी एकेक पाकीट फोडायला सुरुवात केली. जखमेवरची पट्टी काढताना माणूस बघतो तसा कडकभाऊ बघत होता.

"घरात महिन्याला साबण किती लागतो?" बाईंनी विचारलं.

"कपड्यांना की अंगाला?"

"अंगाला."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "यांना विचारू नका. यांना फक्त लोकांच्या कपड्यांचा हिशेब कळतो."

बाईंनी भाडं, जेवणखाण, मुलीची फी, साबण, सगळं वजा केलं. खाली जे उरलं ते फार नव्हतं. पण काहीतरी होतं.

"हे दर महिन्याला इथे आणून द्यायचं," त्या म्हणाल्या. "मी पाचांमध्ये वाटीन. ज्याचं जास्त त्याला जास्त, ज्याचं कमी त्याला कमी. व्याज थांबवायला मी त्यांना पत्रं लिहिते. ते मानतील, पण एका अटीवर. सगळ्यांना ठरल्याप्रमाणेच मिळायला हवं. एकाला वेगळं गेलं की बाकीचे उठले."

"बँकेतून पाठवू?"

"बँकेत ठेवूच नका. तुमचं खातं जिथे आहे, पहिलं कार्ड त्याच बँकेचं आहे. पैसा खात्यात शिरला की ती आपला घास आधी तोडेल. दुसरीकडे खातं उघडेपर्यंत रोख इथे, या खिडकीवर. आणि भाऊ, कोणालाही परस्पर काही द्यायचं नाही. रडला तरी नाही, ओरडला तरी नाही."

"आणि समोर येऊन उभा राहिला तर?"

"तर माझं पत्र दाखवायचं."

पुढच्या आठवड्यांत पाचही जणांची उत्तरं आली. मशीन कंपनीने सगळ्यात शेवटी मान हलवली. कडकभाऊने डब्याचं झाकण उघडं ठेवायला सुरुवात केली.

ॲपला तोंड नसतं, पण पाय असतात. पहिला हप्ता भरायचा त्याच सकाळी ते पाय दुकानात आले. तरुण माणूस, चकचकीत बूट. तो ओरडला नाही. काउंटरसमोर उभा राहिला. गिऱ्हाईक आलं की हसून बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, "कपडे सांभाळून द्या हं. इथली वस्तू कधी उचलली जाईल, सांगता येत नाही."

कडकभाऊने पत्र दाखवलं. वसुलीवाल्याने ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि पुन्हा उभा राहिला. दुसरं गिऱ्हाईक आलं. तिसरं आलं. कडकभाऊचा हात आपोआप खिशाकडे गेला. हप्त्याच्या पाकिटातली निम्मी रक्कम त्याने काढून दिली. "समोर उभा असेल त्याचं आधी," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "आमची पद्धतच आहे."

वसुलीवाला गेला. कडकभाऊला हलकं वाटलं. एक काम झालं, माणूस समोरून हलला. रोज असंच तर व्हायचं. उरलेली रक्कम त्याने खिडकीवर नेऊन भरली आणि बाकी पुढच्या महिन्यात, असं सांगितलं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"भाऊ, तुम्ही एकाचं तोंड बंद केलंत आणि चौघांची उघडलीत."

मशीन कंपनी बिथरली होती. बाईंनी हातापाया पडून एक शेवटची मुदत मिळवली होती. येत्या शुक्रवारी पाच वाजता खिडकी बंद होते. त्याआधी पहिला हप्ता पुरा झाला तर ठीक. नाहीतर शनिवारी मशीन उचलायला गाडी येईल. आता दुकान मशीनवरच्या चादरी-पडद्यांवरच चालत होतं. मशीन गेलं की दुकान गेलं, दुकान गेलं की हप्ते कुठून भरणार? मग बाईंनाही फाईल बंद करावी लागेल.

बायकोने ऐकून घेतलं. ती रागावली नाही, आणि त्यामुळे तो जास्त घाबरला. तिची नजर मागच्या फळीवर गेली. कोणी न नेलेले कपडे तिथे छताला टेकले होते.

"हे कोणाचे?"

"येतील न्यायला."

"कधी? पोरं मोठी झाल्यावर?" तिने एक गठ्ठा खाली ओढला. "लोक तुमच्या उरावर बसून मागतात. तुम्हाला मात्र स्वतःचं मागता येत नाही."

कपडे घेऊन ती दारोदार गेली. काहींनी तोंड लपवलं, काहींनी मुकाट्याने पैसे दिले. एका गृहस्थांनी इस्त्रीचे पैसे दिले आणि कोट परत केला. म्हणाले, आता मी यात मावत नाही, तुम्हीच ठेवा. शुक्रवारी दुपारी पाकीट भरलं. तिने ते त्याच्या वरच्या खिशात घातलं आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. तिला मुलीला आणायला जायचं होतं.

"हातातलं संपवा आणि निघा. मध्ये कोणी आलं तर?"

"पत्र दाखवतो."

"पत्र दाखवून झालं. आता पाठ दाखवा."

बसड्रायव्हरचा एकच शर्ट उरला होता. ड्रायव्हर संध्याकाळच्या पाळीला जाताना तो नेणार होता. कडकभाऊने पाणी शिंपडलं. कॉलर झाली. खांदे झाले. उजवी बाही झाली. त्याने डाव्या बाहीवर पाणी शिंपडलं आणि ती पाटावर पसरली. तेवढ्यात काउंटरवर सावली पडली.

"काका, ओळखलंत ना?"

"ओळखलं."

"उरलेले न्यायला आलोय."

"तुमच्या कंपनीला पत्र गेलंय. तुमचा वाटा तिकडून येईल."

"कंपनीला गेलं असेल. मला महिनाअखेरचा आकडा दाखवायचा असतो. पत्र दाखवून माझं भागत नाही."

एक बाई पडद्यांचं गाठोडं घेऊन आत आली. वसुलीवाल्याने अदबीने जागा करून दिली. "पडदे देताय? विचार करून द्या. उद्या मिळतील न मिळतील." तिने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. गाठोडं काखेत मारलं. "नंतर येते," म्हणाली आणि गेली.

कडकभाऊचे कान तापले. इस्त्री त्याच्या हातात होती. घड्याळ त्याच्या डोक्यावर होतं, त्याने वर पाहिलं नाही.

"मी आहे इथेच," वसुलीवाला म्हणाला. "मला घाई नाही. तुम्हीच म्हणालात ना मागच्या वेळी? समोर उभा असेल त्याचं आधी. आवडलं मला ते." तो वाकला. "खिशाला पिन कशाला लावलीय?"

"फाटलाय."

"निम्मेच द्या. आज निम्मे द्या, महिनाभर तोंड दाखवणार नाही. शपथेवर."

कडकभाऊने त्याच्याकडे नीट पाहिलं. बूट चकचकीत होते, पण कफाचा दोरा सुटला होता. बाहीवर दोन घड्या पडल्या होत्या, जमिनीवर चादर अंथरून घाईत इस्त्री केल्यावर पडतात तशा. याच्याही मागे कोणीतरी उभं असणार. एक क्षण त्याला वाटलं, म्हणावं, काढ तो शर्ट, आधी तुझी बाही सरळ करतो.

त्याचं बोट पिनेवर गेलं होतं. ते कधी गेलं, हे त्याला कळलं नव्हतं.

डब्यातला फोन वाजला. झाकण उघडं होतं.

"भाऊ, निघालात का?" सल्लागार बाई. "मशीनवाले दुसऱ्या फोनवर आहेत. मी काय सांगू?"

"निघालो," तो म्हणाला. तो निघाला नव्हता.

समोर बाही होती, ओली. पलीकडे माणूस होता. एका बाहीला वेळ तो कितीसा? पण बाही संपेपर्यंत हा माणूस समोर उभा राहणार. आणि बाही संपेपर्यंत आपलं बोट ती पिन उघडणार. स्वतःबद्दल त्याला हे पक्कं माहीत होतं. आजवर त्याचा हात नेहमी असाच चालत आला होता.

त्याने इस्त्री उभी ठेवली. बटण बंद केलं. काउंटरची फळी उचलून तो बाहेर आला.

"कुठे?"

"तुमचेच पैसे भरायला."

"दुकान उघडं टाकून?"

"मशीन एकट्याला उचलवणार नाही. बाकी सगळे लोकांचे कपडे." त्याने कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. "बसा. उभं राहून पाय दुखतात."

तो रस्त्यावर आला. मागून आवाज आला, "बघा, पळाला बघा तुमचा कडकभाऊ." औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला. शेजारची शिंपीण मशीन थांबवून बघू लागली. कडकभाऊच्या पाठीला ते सगळे डोळे लागत होते. तो वळला नाही. बस दिसेना, म्हणून चालत निघाला. सिग्नलपाशी धावला. खिशावर एक हात दाबून, छातीत दुखणाऱ्या माणसासारखा.

खिडकीची काच अर्धी खाली आली होती. ती थांबवायला त्याने तिच्याखाली हात घातला. दुसऱ्या हाताने खिशाची पिन निघेना. बाईंनी काच वर केली, पलीकडून हात घालून पिन काढली आणि पाकीट घेतलं. मोजलं. पुन्हा मोजलं. फोन उचलून एवढंच म्हणाल्या, "आला. पुरा आहे. गाडी पाठवू नका." मग पावती फाडली.

"आता?" त्याने विचारलं.

"आता पुढच्या महिन्याला. मग त्याच्या पुढच्या."

"असं किती?"

"बरंच," बाई म्हणाल्या. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला. "बसता का जरा? घामाने चिंब झालायत."

"तो दुकानात उभा आहे अजून."

"राहू दे. समोर कोणी नसेल तर किती वेळ उभा राहील?"

तो पायरीवर बसला. पावती चुरगळू नये म्हणून त्याने ती तळहातावर सपाट धरली होती. मग ड्रायव्हरचा शर्ट आठवला. कॉलर झालेली, खांदे झालेले, उजवी बाही झालेली. डावी पाटावर तशीच पसरलेली. शिंपडलेलं पाणी एव्हाना सुकलं असेल.