पडद्यावरचे बहात्तर

कंपनीत त्याला सगळे ‘शून्यचूक’ म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे दातओठ खाऊन. आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेली डबी नाडी मोजून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आकडा पाठवते, तो प्रोग्राम त्याचा. स्वतःच्या वडिलांच्या उशाशीही त्याने एक डबी ठेवली होती. वडील धाकट्या बहिणीकडे असत. त्यांचं सगळं करायचं तिने, त्यांचा आकडा बघायचा याने. ही वाटणी त्याला अगदी रास्त वाटे.

प्रोग्राम तपासणाऱ्या बाईंनी एकदा भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, “सर, तिकडे डबीची तार निघाली तर इकडच्या सॉकेटला, म्हणजे आकडा घेणाऱ्या जोडणीला, पत्ताच लागत नाही. आपला प्रोग्राम पुढच्या आकड्याची वाट बघत बसतो आणि पडद्यावर जुनाच आकडा राहतो. दहा सेकंद काही आलं नाही तर तो पुसून लाल चौकट दाखवू या.”

“पडद्यावरची खिडकी अडकते का? बटणं चालतात ना?” तो म्हणाला. “तुमच्या लाल चौकटी बघून गिऱ्हाईक पळेल. उंटावरून शेळ्या हाकू नका, बाई.”

सगळे हसले. बाई खाली बसल्या.

त्या दुपारी बहिणीने झाडायला पलंग सरकवला आणि डबीची भिंतीतली तार निघाली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. तासाभराने तिचा फोन आला.

“दादा, बाबांना घाम फुटलाय. धाप लागलीय. अँब्युलन्स बोलवू?”

त्याने पडद्याकडे पाहिलं. “बहात्तर. माझ्यापेक्षा बरी नाडी आहे त्यांची. मागे दोनदा तू गाव गोळा केलंस आणि निघाला गॅस.”

“अरे, पण हात गार पडलेत!”

“पंखा कमी कर. यंत्राला घाबरायची सवय नाही, तुला आहे.”

त्याने फोन ठेवून चहा मागवला. मागच्या दोन्ही वेळा त्याने चार माणसांत तिचं हसं केलं होतं, म्हणून तिने अँब्युलन्स बोलावली नाही. पुढच्या पाऊण तासात आकडा एकदाही हलला नाही. जिवंत माणसाची नाडी अशी राहत नाही, हे कुणीही सांगेल. या शहाण्याला मात्र आपल्या कामाचं कौतुकच वाटत राहिलं.

दुसऱ्या फोनवर ती फक्त “ये” म्हणाली.

तो पोचला तेव्हा बाबांचा चेहरा झाकलेला होता. बहीण रडत नव्हती.

“डॉक्टरांनी विचारलं, इतका वेळ काय करत होतात? तासभर आधी बोलावलं असतं तर वाचले असते,” ती म्हणाली. “मी सांगितलं, दादा बघत होता.”